कमानीवरचा कावळा

माझ्या नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे आठवायला मला थांबावं लागतं. त्या मुलीचं प्रकरण मात्र आजही सलग आठवतं, ठाण्याच्या आवारात जमलेल्या गर्दीपासून न्यायालयातल्या निकालापर्यंत. त्यातली माणसं अजून इथेच वऱ्हाडात नांदत आहेत, म्हणून कोणाचंही नाव घेणार नाही.

निवृत्तीला फार काळ उरला नव्हता. अमरावती शहरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी निरीक्षक होतो. हद्दीत कोचिंग क्लासेस, अभ्यासिका आणि बाहेरगावच्या मुलामुलींच्या भाड्याच्या खोल्या. तक्रारीही तशाच: मोबाईल चोरी, पार्किंगची भांडणं, घरमालकांची कुरकुर. उन्हं तापायला लागली होती. सकाळची हजेरी आटोपून मी केबिनमध्ये आलो, तर आवारात गलका ऐकू आला. ठाणे अंमलदार आत येऊन म्हणाला, "साहेब, वरूडकडची माणसं आहेत. मुलगी हरवली म्हणतात. पण मुलीपेक्षा कोण्या टॅटूवालीचंच नाव जास्त घेऊन राहिले."

मी आई, वडील आणि मामा अशा तिघांनाच आत घेतलं. बाकीच्यांना झाडाखाली बसवलं.

वडील संत्र्याचे बागायतदार. उंच, रापलेला माणूस. बावीस वर्षांची त्यांची मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला अमरावतीत राहत होती. आदल्या दिवशी दुपारी "तासाभरात येते" असं मैत्रिणीला सांगून खोलीबाहेर पडली, ती परत आली नाही. फोन बंद. मैत्रिणीनंच रात्री घरी कळवलं होतं. एवढं सांगायलाही वडिलांना चार वेळा थांबावं लागलं. वर्षभरापूर्वी त्यांचा मोठा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. मुलीबद्दल बोलता बोलता ते मध्येच मुलाबद्दल बोलायचे आणि मग पुन्हा मुलीवर यायचे.

मामा अकोल्याचे, तिथे त्यांचं हार्डवेअरचं दुकान. वडील अडखळले की ते बोलायचे.

"साहेब, थे टॅटूवाली बाई हाय ना, तिनं नासवलं आमच्या पोट्टीले. हातावर पाहा काय काय काढून देल्लं. कवटी, काटे, कावळा. मसनवट्यातलं सामान हाय सारं! पोट्टी घरी आली का बोलत नाही, हासत नाही. चेटकीण हाय थे बाई. तिच्याच नादानं गेली. तुमी तिले उचला, पोट्टी सापडते का नाही पाहा."

व्यक्ती बेपत्ता झाल्याची नोंद घेताना ओळखीच्या खुणा विचाराव्या लागतात. आमच्या महिला उपनिरीक्षकांनी आईला तो प्रश्न विचारला. आईनं डावा हात पुढे केला आणि मनगटापासून कोपरापर्यंत बोट फिरवलं.

"इथी. कमान हाय, मंधात कवटी, अन् काट्याचं गुलाब. दिवाळीत आली तवा पाह्यलं. तिच्या बापानं पुढचं ताट सारलं. काहून काढलं म्हणून मीबी लय बोलली. दुसऱ्याच दिवशी चालली गेली. तवापासून घरी आलीच नाही."

मिसिंग दाखल केली. मुलीचा फोटो आणि वर्णन बिनतारी संदेशानं सगळ्या ठाण्यांना पाठवलं. फोनचे तपशील मागवण्यासाठी सायबर शाखेला पत्र दिलं. बाहेर मामांनी आणलेली माणसं वाढत चालली होती. "दुकान फोडा" असे दोन-तीन आवाज मी स्वतः ऐकले. टॅटूवालीच्या दुकानावर ताबडतोब बंदोबस्त लावला आणि आवारात येऊन स्पष्ट सांगितलं, "एखाद्या बाईला चेटकीण म्हणून तिच्यावर चालून जाणं हा जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. ज्याला जायचं असेल त्यानं आधी इथे नाव सांगून जावं." नाव सांगायला कोणी पुढे आलं नाही.

थोड्याच वेळात एका पुढाऱ्याचा फोन आला. सूर गोड होता.

"साहेब, बाईला आणून बसवा ना दोन तास. लोकं शांत होतील, तुमचंही काम हलकं."

"माझं काम मुलगी शोधणं आहे. लोक शांत झाल्यानं ती सापडणार नाही," मी म्हणालो. त्यांनी फोन ठेवला. वरून विचारणा होईल हे ठाऊक होतं. झालीही. मी तेच उत्तर दिलं.

पहिला धागा मिळाला तो आमच्या गुन्हे शोध पथकातल्या हवालदाराकडून. या माणसाला गल्लीबोळातल्या चहावाल्यांपासून इस्त्रीवाल्यांपर्यंत सगळे ओळखत. मुलीच्या खोलीच्या वळणावर एक चहाची टपरी होती. टपरीवाला पोलिसांच्या भानगडीत पडायला नको म्हणून गप्प होता. हवालदारानं त्याला ठाण्यात आणलं नाही. तिथेच बाकावर बसून दोन कप चहा घेतला आणि मग मला फोन लावून दिला.

"साहेब, पोट्टी पाह्यली मी काल. पांढरी गाडी आलती. एक मानूस उतरला, डोक्याले दुपट्टा गुंडाळेल होता, तोंड नाही दिसलं. हे पोट्टी गेली, त्याच्या पाया पडली, अन् गाडीत बसली. जबरदस्ती नाही काही नाही."

"पाया पडली? नक्की?"

"हो ना बाप्पा. वाकून पडली."

अमरावतीत उन्हाच्या दिवसांत निम्मं गाव डोक्याला दुपट्टा गुंडाळून फिरतं. दुपट्ट्याचा उपयोग नव्हता. पण पाया पडण्याचा होता. पळवून नेणाऱ्याच्या पाया कोणी पडत नाही. प्रेमात पळून जाणारी मुलगीही पाया पडून गाडीत बसत नाही. तो माणूस तिच्या घरातला, वयानं मोठा आणि तिच्या विश्वासातला होता. ही माहिती मी महिला उपनिरीक्षक आणि तो हवालदार यांच्यापुरतीच ठेवली. नातेवाईक ठाण्याच्या आवारातच बसले होते, आणि आवारातल्या भिंतींना कान असतात हे मी फार लवकर शिकलो होतो.

तरी टॅटूवालीला भेटणं आवश्यक होतं. महिलेची विचारपूस करायला तिच्या राहत्या जागी जावं लागतं. तिचं घर दुकानाच्याच मागच्या खोलीत होतं. मी उपनिरीक्षकांना घेऊन गेलो. तिशीतली बाई, चित्रकलेची पदवी घेतलेली. बाहेर बंदोबस्ताची गाडी उभी, समोरच्या फुटपाथवर बघे. तिनं शटर अर्धं खाली ओढलं होतं आणि आत दिवा लावून बसली होती. घाबरलेली होती, पण मान खाली नव्हती.

भिंतीवरची चित्रं पाहून मीही क्षणभर थांबलो. टोकदार कमानी, वटवाघळं, लोखंडी फाटकं, कवट्या, काळे गुलाब, पिसं विस्कटलेले पक्षी. सगळं काळ्या शाईत.

"हे सगळं काय आहे?" मी विचारलं.

"गॉथिक म्हणतात याला, साहेब."

"लोक म्हणतात सैतानाची पूजा आहे."

"लोकांनी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं," ती म्हणाली. मग उठून एकेका चित्रावर बोट ठेवत गेली. "युरोपात शेकडो वर्षांपूर्वी जी मोठी चर्च बांधली, त्यांच्या खिडक्या अशा उंच, टोकदार असायच्या. उजेड वरून खाली यावा म्हणून. ही कमान तिथली. तिथल्या जुन्या थडग्यांवर कवटी कोरलेली असते. भीती घालायला नाही. जाता-येता माणसाला आठवण राहावी, की आपणही एक दिवस जाणार. पुढे इंग्लंडात एक काळ असा आला की घरातलं माणूस गेलं, की त्याचे केस लॉकेटमध्ये घालून गळ्यात ठेवायचे, वर्षानुवर्षं काळे कपडे घालायचे. दुःख लपवायचं नाही, अंगावर वागवायचं. काटे असलेला गुलाब त्यातूनच आला. गेलेल्या माणसावरची माया आणि तिचा त्रास, दोन्ही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांना यातलं काही माहीत नसतं. भारी दिसतं म्हणून काढतात. पण ही मुलगी तशी नव्हती."

"ही कशी होती?"

"तिनं आधी सगळं समजून घेतलं. मग म्हणाली, युरोपातली खिडकी नको. अचलपूरच्या जुन्या वेशीची कमान काढा, तीही अशीच टोकदार आहे. लहानपणी भावासोबत मावशीकडे जायची म्हणे तिथं. मी गाडीवर जाऊन ती कमान पाहून आले, तेव्हा काढली."

माझ्या आईच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं आणि हनुवटीवर तीन ठिपके. मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं ती सांगायची. कालीच्या गळ्यातल्या मुंडमाळेला हात जोडणारे आम्ही लोक एका मुलीच्या हातावरच्या कवटीनं एवढे का बिथरलो, हा विचार तिथे उभ्या उभ्या माझ्या मनात आला. पण वेळ विचारांची नव्हती.

"शेवटचं कधी भेटली ती?"

"काल सकाळी. कावळा काढून घेतला."

"कोणता कावळा?"

तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. कमान, कवटी, गुलाब हे जुनं, मुरलेलं काम. कमानीच्या टोकावर मात्र नवा कोरा कावळा, भोवतीची कातडी लालसर सुजलेली. "गॉथिकमध्ये डोमकावळा काढतात, पूर्ण काळा. हिनं सांगितलं, आपला गावातला हवा, राखाडी मानेचा. का, ते तिनं मला सांगितलंय. पण ते तिचं आहे साहेब, तीच सांगेल."

मी आग्रह धरला नाही. माझ्या कानात सकाळचे शब्द वाजत होते: कवटी, काटे, कावळा. मी उपनिरीक्षकांकडे पाहिलं. त्यांच्याही लक्षात आलं होतं.

"हा फोटो कुठे टाकला होता? कोणाला पाठवला?"

"नाही. सूज उतरल्याशिवाय मी फोटो देत नाही, टाकतही नाही. वरून पट्टी लावून पूर्ण बाहीचा शर्ट घालायला सांगितलं होतं तिला. उन्हाचे दिवस आहेत."

घरच्यांनी मुलीला दिवाळीनंतर पाहिलेलं नव्हतं. आईनं सकाळी कावळ्याचं नाव घेतलं नव्हतं, कारण तिला तो माहीतच नव्हता. कावळा काढल्यावर काही तासांतच मुलगी दिसेनाशी झाली. मग अकोल्यात राहणाऱ्या मामांना तो कुठे दिसला?

अशा वेळी घाई नडते. आधी दुसरी शक्यता मिटवायला हवी होती. खोलीतली मैत्रीण ही एकमेव व्यक्ती, जिनं तो कावळा पाहिला असण्याची शक्यता होती. उपनिरीक्षकांनी तिला गाठलं. दुपारी पट्टी बदलताना तिनं कावळा पाहिला होता. पण मामांशी ती कधी बोललेलीच नव्हती, आणि मुलीच्या आईवडिलांनाही टॅटूबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं. "आधीच घरी त्यावरून भांडण झालंय, मी कशाला बोलू?" असं म्हणाली. टॅटूवालीनंही कालपासून कोणाला काही सांगितलेलं नव्हतं.

मी ठाण्यात परत आलो आणि मामांना एकट्याला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. मी स्वतः अकोल्याचा. तिथल्या बाजाराच्या, उन्हाच्या गोष्टी काढल्या. मग त्यांच्या भाच्याबद्दल विचारलं. त्यांचे डोळे लगेच भरले. ते अश्रू खरे होते. पंचवीस-तीस वर्षं आरोपींसमोर बसल्यावर खरं आणि उसनं रडणं वेगळं कळतं. भाच्याला पहिली सायकल त्यांनीच घेऊन दिली होती आणि मोटारसायकल घ्यायलाही त्यांनीच वडिलांना भरीस घातलं होतं.

"मुलीच्या हातावर नक्की काय आहे, ते पुन्हा सांगता? वर्णन पक्कं पाहिजे."

"कवटी हाय. तिच्या भवताल कमान. काटे. कमानीवर कावळा बसेल हाय, मान वाकडी करून."

"कधी पाहिलं तुम्ही?"

"दिवाळीत. ताईच्या घरी."

"दिवाळीत कावळा नव्हता."

त्यांनी कप बशीत ठेवला. ठेवताना आवाज झाला.

"कावळा काल सकाळी काढला," मी म्हणालो. "दुपारी ती एका पांढऱ्या गाडीजवळ गेली आणि उतरलेल्या माणसाच्या पाया पडली. तुमची गाडी कोणत्या रंगाची आहे, हे मला आरटीओला विचारावं लागेल की तुम्हीच सांगता?"

अशा वेळी अधिकाऱ्यानं बोलायचं नसतं. समोरच्याच्या आत जे चाललेलं असतं, त्याला जागा द्यायची असते.

"साहेब," ते एकदम मोठ्यानं म्हणाले, "मी तिले वाचवून राहिलो! एक लेकरू गेलं आमचं. अन् दुसरीनं सोताच्या हातावर मरन काढून घेतलं. महाराजानं सांगतलं, थे चित्र जोपर्यंत हातावर हाय तोपर्यंत थे पोट्टी जगत नाही. चित्राले वरीस पुरं व्हायच्या आत जाईल म्हने. मी काय करू? पाहत राहू?"

"मुलगी कुठे आहे?"

"सुखरूप हाय. उद्या अमावस हाय, उद्या उतरवनार हायेत."

"काय उतरवणार? चित्र की कातडी?"

त्यांनी चेहरा हातांनी झाकून घेतला.

मला त्यांच्यावर ओरडता आलं असतं. मी ओरडलो नाही. त्यांच्या खुर्चीजवळ गेलो आणि सांगितलं, "तुमचा भाचा परत येणार नाही. भाची अजून आहे. पत्ता सांगा."

त्यांनी पत्ता सांगितला. परतवाड्यापासून पुढे, डोंगराच्या बाजूला, ओळखीच्या एकाच्या शेतातली टिनाची खोली. महाराज म्हणवणारा इसम तिथे होता. भेटायला म्हणून खोलीबाहेर बोलावून, आई आजारी आहे असं सांगून मामांनी मुलीला गाडीत बसवलं होतं. वाटेत तिनं हातावरची पट्टी नीट केली, तेव्हा त्यांना कावळा दिसला. लोकांचं आणि पोलिसांचं लक्ष दुसरीकडे राहावं म्हणून त्यांनीच आज माणसं गोळा करून टॅटूवालीवर घातली होती.

स्टेशन डायरीत नोंद केली, वरिष्ठांना कळवलं, तिथल्या स्थानिक ठाण्याला मदतीचा संदेश दिला आणि दोन गाड्या घेऊन निघालो. मामा माझ्या गाडीत मागे बसले होते. मला एकच धास्ती होती. अमावास्येचं वचन देणारे असे इसम मुहूर्त पाळतातच असं नाही. माझी धास्ती अर्धी खरी ठरली.

ऊन उतरायच्या आत आम्ही शेतात पोचलो. गाड्या लांब थांबवल्या. बाहेर चुलीत विळा तापत ठेवलेला होता. आमची चाहूल लागताच महाराज मागच्या बांधावरून पळाला. स्थानिक ठाण्याचे दोन शिपाई त्याच बाजूला उभे केले होते, त्यांनी त्याला तुरीच्या धसकटांत आडवा केला. महिला उपनिरीक्षक आधी खोलीत शिरल्या. मी दारात थांबलो.

मुलगी खाटेवर होती. उजवा हात आणि पाय ओढणीनं बांधलेले. डाव्या हातावर एक डाग दिलेला होता, "अंगातलं जागं करायला" म्हणून. कवटीच्या मधोमध कातडी जळून गेली होती. अंग तापानं फणफणलं होतं. उपनिरीक्षकांनी गाठी सोडल्या, पाणी पाजलं. घोटभर पाणी प्यायल्यावर तिनं पहिली गोष्ट विचारली:

"त्या ताईंना काही झालं का? मामा म्हणत होते, त्यांचं दुकान आज राहत नाही."

"त्या ठीक आहेत," मी दारातून सांगितलं. "तिथे आमची माणसं आहेत."

मग ती रडली. तोपर्यंत तिनं रडायचं थांबवून ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

तिला अमरावतीत रुग्णालयात आणलं. आईवडील धावत आले. वडील पायथ्याशी उभे राहिले, जवळ जायची त्यांची हिंमत होईना. आई उशाशी बसली. जबाबासाठी उपनिरीक्षक आणि मी तिथेच होतो, म्हणून पुढचं माझ्या कानांवर आलं. आईनं तिचा हात पट्टीखालून अलगद उचलून मांडीवर घेतला. कावळ्याचा भाग पट्टीबाहेर होता.

"हे काय आहे व माय?" तिनं विचारलं.

मुलगी सांगू लागली. भावाच्या दहाव्याला ती हट्टानं घाटावर गेली होती. पिंडाला कावळा शिवेना. तास झाला, सगळे आपापल्या परीनं बोलून पाहत होते. शेवटी ती पुढे गेली आणि म्हणाली, दादा, आईबाबाले मी पाहीन, तू जा. आणि कावळा आला. राखाडी मानेचा, साधा.

"थे मी कोनालेच सांगतलं नाही," ती म्हणाली. "घरात दादाचं नाव घेतलं का तू उठून चालली जायची, बाबा मळ्यात निघून जायचे. मंग मी कोठी बोलू? म्हणून हातावर काढलं."

आईनं तिच्या हातावर कपाळ टेकवलं. वडील खाटेला वळसा घालून पलीकडून आले आणि खाली जमिनीवरच बसले.

खरी लढाई त्यानंतर सुरू झाली. अपहरण, डांबून ठेवणं, गंभीर दुखापत आणि जादूटोणाविरोधी कायदा अशी कलमं लागली. महाराज म्हणवणाऱ्याच्या बाजूनं कोणी फारसं उभं राहिलं नाही, पण मामांसाठी नातेवाइकांची रीघ लागली. घरचं प्रकरण आहे, चुकला माणूस, प्रेमापोटी केलं, मुलीच्या लग्नाचा विचार करा, ताईच्या माहेराचं काय. माझ्याकडेही आले. मी प्रत्येकाला चहा पाजला आणि प्रत्येकाला एकच सांगितलं, "मुलगी सज्ञान आहे. तिला विचारा."

मुलीनं एका वाक्यात उत्तर दिलं. "मामानं माया केली म्हणून माझा हात कमी जळला का?"

दोषारोपपत्र वेळेत दाखल केलं. टॅटूवाली साक्षीला आली आणि तिनं फोटो, वेळ, सगळं नीट सांगितलं. चहावाला साक्षीला आला. त्यानं आयुष्यात कधी न्यायालयाची पायरी चढली नव्हती, इस्त्रीचा सदरा घालून आला होता. सगळ्यांत अवघड साक्ष आईची होती. दिवाळीनंतर मुलगी घरी आली नव्हती आणि कावळा घरात कोणालाच माहीत नव्हता, हे तिलाच सांगायचं होतं. समोर पिंजऱ्यात सख्खा भाऊ. बचावाच्या वकिलांनी विचारलं, "तुमच्या भावाचं मुलीवर प्रेम होतं की नाही?"

"होतं," ती म्हणाली.

"मग तो तिचं वाईट का करेल?"

"वाईट करतो म्हणून नाही केलं त्यानं. पन केलं. थे खोटं कसं सांगू?"

त्या दिवशी न्यायालयात मी मागच्या बाकावर होतो. इतक्या वर्षांत अनेक साक्षीदार फुटताना पाहिले. ही बाई साक्ष संपवून बाहेर आली, भिंतीला टेकून उभी राहिली, आणि मुलीनं तिला पाणी दिलं. दोघांना शिक्षा झाली. महाराजाला जास्त, मामांना कमी.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं नवीन भरती झालेल्या मुलांनी मला एकदा विचारलं होतं. मी त्यांना सांगितलं, वैऱ्याला ओळखणं सोपं असतं. भीतीनं पछाडलेला आपला माणूस ओळखणं कठीण. तो खरा रडतो, खरी शपथ घेतो आणि तेवढ्याच खऱ्या मनानं विळा तापवायला देतो. त्याच्या अश्रूंना मान द्यावा. पण कलम मात्र एकही कमी करू नये. आणि दुसरं, लोक एखाद्या गोष्टीला अभद्र म्हणू लागले, की त्या गोष्टीचा अर्थ ती ज्याची आहे त्याला आधी विचारावा. त्या घरात सगळ्यांनी "हे काहून काढलं?" म्हणून मुलीला धारेवर धरलं होतं. "हे काय आहे?" असं विचारायला तिला रुग्णालयात पडावं लागलं.

निवृत्तीनंतर मी अकोल्यात राहतो. मागच्या वर्षी भाजीबाजारात मामा समोर आले. शिक्षा भोगून सुटले होते, बरेच खंगले होते. मी ओळख दाखवावी की नाही या विचारात होतो, तेवढ्यात तेच थांबले.

"साहेब, ताई बोलते आता माह्याशी. पोट्टी नाही बोलत."

"तिचा हक्क आहे तो," मी म्हणालो.

"हाय ना," ते म्हणाले. मग विचारलं, "तिच्या हाताचा डाग गेला का, साहेब? तुमाले मालूम असंल."

मला माहीत होतं. नोकरी लागल्याचे पेढे घेऊन ती आईवडिलांसोबत माझ्या घरी आली होती, अर्ध्या बाहीचा कुर्ता घालून.

"नाही," मी म्हणालो. "तो जाणार नाही."

त्यांनी मान हलवली. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले.